तलंगांनी रिजेक्ट केलेला पाइप

राव, चाकणला कंपनीत माझ्या फिनिशिंगला आजवर कुणी नाव ठेवलं नाही. लाज काढली ती पुनावळ्यातल्या घरच्या तलंगांनी, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांनी.

दिवस मावळला की खुराड्याच्या कोपऱ्यात एकमेकींवर ढीग करायच्या. आई म्हणाली, "खालची गुदमरून मरंल रं. बसायला दांडी कर."

मी स्टीलचा पाइप आणला, वेल्डिंग केलं, ग्राइंडर मारला, लेव्हल लावून बसवला आणि वर पॉलिश! तोंड दिसत होतं त्यात.

तलंगा उडून बसल्या आणि घसरून एकेक खाली आल्या. दुसरी उडी, तेच. शेवटी वैतागून बाहेर पडल्या आणि थेट माझ्या मोटरसायकलवर चढल्या. एक तर हँडलच्या रबरी ग्रिपला नख्या रोवून निवांत डोळे मिटून बसली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

गुपचूप पाइपला पोतं गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर, एका ओळीत.

म्हटलं, "बघ आई, जमलं का न्हाई?"

"व्हय की," आई म्हणाली, "तुझं काम झाकलं, तवा बसल्या."