अकरा महिन्यांचं पोट

मी सगुणा. माहेर खालापूरकडं, डोंगराच्या पायथ्याला. बापाची भातशेती नि दहा-बारा शेळ्या, नि शेळ्यांमागं एक कुत्री, तिच्या अंगावर लोळूनच आमी भावंडं मोठी झालो म्हणा ना. मग लगीन झालं, कर्जतच्या अलीकडं दिली, घरवाले रेल्वेत गँगमन, घाटातल्या रुळावर काम. सहा वर्षं झाली तरी मूल नाय. तुमी बायांच्या पत्रकासाठी विचारताय म्हणून सांगते ताई, सासूचं एकच, दिवाळीपर्यंत बघते, नायतर भावाची पोर सून करून आणते.

तेवढ्यात पोट वाढाया लागलं. उजवीकडं, फासळ्यांखाली, आधी लिंबाएवढं, मग नारळाएवढं. मी सासूला म्हटलं आत्याबाई, पाळी तर दर महिन्याला येते माझी. त्या म्हणाल्या गप गं, काही जणींना येते, मुलगा उजव्या अंगालाच असतो. झालं, सगळ्या आळीला पटलं. हिरवं लुगडं, ओटी, बाया विचारतात काय खावंसं वाटतं गं, नि मला भाताचा वास नको. मी पण म्हटलं असंल, सगळ्या म्हणतात म्हंजे असंल. त्या घरात पयल्यांदा मला आधी वाढलं जात होतं, ते मी कशी नको म्हणू?

नऊ सरले, दहा सरले, पोर हलत नाय नि मी पिवळी पडले. अकराव्या महिन्यात घरवाल्यांनी कर्जतच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी पोट दाबलं, वर बोट ठेवून वाजवलं, म्हणाले हे मूल नाय, कलेजीत पाण्याची गाठ हाय, मुंबईला नेऊन काढा, आत फुटली तर बाई जाईल. सासू म्हणाली माझा नातू कापायला न्यायचा नाय. घरवाले दोन दिवस रुळावर कामाला गेले. तिसऱ्या दिवशी उठले नि मला मुंबईच्या गाडीत बसवलं. तिथं इस्पितळात कागदावर अंगठा घेतला तो त्यांचा. ताई, चिरणार मला नि अंगठा त्यांचा. मी विचारलं काय लिवलंय, तर नर्सबाई म्हणाली तुला काय करायचंय. हे तुमच्या पत्रकात लिवा, मोठ्या अक्षरात लिवा.

गुंगीतून उठले तर कुशीत रबराची नळी, ती पुढं महिनाभर होती. डॉक्टरांनी भांड्यात दाखवलं, पांढऱ्या पातळ पिशव्या, लहानमोठ्या, सोललेल्या द्राक्षांसारख्या. मी रडले. मूल गेलं म्हणून रडले का वाचले म्हणून, ते अजून मला कळत नाय.

डॉक्टर म्हणाले हे कुत्र्याकडून आलं. बकरं कापल्यावर कलेजीवर पाण्याचे फोड दिसले तर काय करता? मी म्हटलं ती आमी शिजवत नाय साहेब, कुत्रीला टाकतो. ते म्हणाले तिथंच चुकतं, त्यातनं कुत्रीच्या आतड्यात जंत होतात, त्यांची अंडी घाणीतनं केसांना लागतात, केसांची तुमच्या हाताला, हाताची तोंडात, नि मग आत वर्षानुवर्षं गाठ वाढते. म्हंजे बघा, नासकी कलेजी खाल्ली कुत्रीनं, कुत्री धडधाकट, नि चिरलं मला. दोनदा विचारलं, दोनदा सांगितलं त्यांनी. मी मान हलवली, पण सगळं डोक्यात शिरलं नाय. सासू तर अजून म्हणते, डॉक्टरनं पोरगा काढून घेतला.

त्याला दोन वर्षं झाली. सवत आली नाय, सासूच्या भावानं पोरगीच दिली नाय. आता तुमाला एक सांगते, घरात अजून बोलले नाय. तेवा पोट होतं नि पाळी चालू होती. आता दोन महिने पाळी नाय नि पोट पण नाय. एखादी पिशवी राहिली असंल तर परत वाढंल, असं डॉक्टर म्हणाले होते. मी रोज हात फिरवून बघते, गाठीसाठी उजवीकडं बघते, पोरासाठी खाली बघते, हाताला काय कळत नाय. ह्या खेपेला आधी डॉक्टरांना दाखवीन, मगच आत्याबाईंना सांगीन. तुमाला देव सुखी ठेवो ताई, पण उद्या माझ्याबरोबर कर्जतला चला. तिथं जाऊन काय व्हावं म्हणून हात जोडायचे, पोर असावं म्हणून का काहीच नसावं म्हणून, तेच मला ठरवता येत नाय.