सासूबाईंच्या लग्नाची दहा मिनिटं

गॅरेजच्या बाकावर मेकॅनिकबाईंच्या सासूबाई बसल्या होत्या आणि शेजारी घाईतलं गिऱ्हाईक पाय हलवत होतं.

“बॅटरीची वायर काढलीत ना? मग उघडा की स्टिअरिंग!”

“या गाडीला दहा मिनिटं थांबावं लागतं, साहेब. एअरबॅगमध्ये वीज उरलेली असते, आत्ताच हात घातला तर तोंडावर फुटेल. आई, तुमच्या लग्नाची गोष्ट सांगा. बरोबर दहा मिनिटं चालते, घड्याळ पाणी भरेल तिच्यापुढे!”

सासूबाई खुलल्या. गोष्ट रंगली.

“...आणि असे आम्ही संसाराला लागलो. झालं, घाल हात!”

“थांबा! मामंजी नदीत पडलेच नाहीत आज?”

“अगं, साहेबांना घाई आहे, म्हणून गाळलं.”

“म्हणजे अजून दोन मिनिटं बाकी आहेत.”

गिऱ्हाइकाचा पाय केव्हाच थांबला होता.

“घाई गेली खड्ड्यात, आजी! नदीत कसे पडले?”