पंचमीचा मुऱ्हाळी

थोरली लेक गोदा तेलंगणात दिली त्याच्या पुढच्या साली, बहात्तरला, बद्रीनाथ उमापूरच्या सोसायटीत दुष्काळात वाटायला आलेल्या अमेरिकेच्या मिलो ज्वारीच्या रांगेत उभा होता. पुढं केशरबाई अन् छबुबाई बोलत होत्या.

"नात पुस्तक वाचीत व्हती. देवगिरीच्या राजानं लेक दिल्लीच्या सुलतानाला दिली म्हणं."

"लई लांब की! तितली बोली तरी कळली असंल का तिला?"

"कशाची कळतीय!"

"अन् नागपंचमीला म्हायेरी आणाया मुऱ्हाळी कोण गेलं?"

"राजाचं राज वाचलं. मग कोण जातंय?"

"बाप हाय का वैरी त्यो!"

बद्रीनाथनं मान खाली घातली. व्याह्यानं धाडलेल्या कडब्यावर त्याचे बैल जगले होते. पंचमी होऊन आठवडा झाला होता, अन् तो गोदाला आणायला गेला नव्हता. जाऊ, जाऊ म्हणता तो दिवाळीला निघाला.

गोदा नवरात्रात, तिसऱ्या माळेला, बाळंतपणात वारली होती.