वीतभर वायर

...आणि वर मलाच विचारतात, पाय गाडीच्या बाहेर का ठेवलेत म्हणून! अहो, ठेवले नव्हते, उरले होते. डोकं स्टिअरिंगखाली, पाठ पायपुसण्यावर, एक कोपर ब्रेकच्या मागे, मग पायांना आत जागा राहते कुठे? दार उघडं, त्यातून दोन पाय बाहेर, आणि येणारा-जाणारा जो तो त्या पायांशी बोलतोय. तुम्हाला सांगतो, काम पाच मिनिटांचं होतं.

म्हणजे झालं काय, माझी गाडी आहे जुनी. जुनी म्हणजे किती, तर काच खाली करायला हाताने दांडी फिरवावी लागते, इतकी. तिच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा आहे, तो चार महिन्यांपूर्वी जो पेटला तो पेटलाच. काय बिघडलंय ते गाडीच्या कॉम्प्युटरला पक्कं ठाऊक असतं, पण तोंडाने सांगेल तर शपथ. तो आकड्यात सांगतो, आणि तो आकडा वाचायला मशीन लागतं. गेलो गॅरेजमध्ये. मेकॅनिक हात पुसत आला, खाली वाकून मशीन जोडायचं सॉकेट बघितलं आणि हसला. "काका, असलं सॉकेट मी नवीन नवीन काम शिकत होतो तेव्हा शेवटचं बघितलं. आपलं मशीन याला बसत नाही. सगळं खोलून बघावं लागेल." सगळं म्हणजे? "सगळं म्हणजे सगळं."

घरी आलो तर बायको तयारच. "शनिवारी गाडीची तपासणी आहे. दिवा पेटलेला दिसला की नापास. नापास झाली तर भंगारवाल्याला मी सांगून ठेवलंय, रविवारी सकाळी येतोय." सांगून ठेवलंय म्हणे. पेशंट अजून श्वास घेतोय आणि हिने उचलणारी माणसं ठरवली.

आता तुम्ही म्हणाल, जाऊ द्या ना, एक खटारा गेला तर काय होतं? होतं. सांगतो काय होतं. आमच्या दोन खोल्या. त्यात बायको, दोन मुली, आठ दिवसांसाठी म्हणून आलेल्या आणि आता तीन वर्षं राहिलेल्या माझ्या सासूबाई, आणि उरलेल्या जागेत मी. बाथरूमला कडी आहे, पण आत गेलो की दुसऱ्या मिनिटाला बाहेरून, "झालं का?" कामावरून मी सुटतो सहाला, चालत इमारतीखाली पोचतो सव्वासहाला, आणि घरात शिरतो सातला. मधला पाऊण तास मी गाडीत असतो. गाडी उभीच. काचा वर. रेडिओ नाही, फोन नाही, नुसता बसतो. दिवा पेटल्यापासून तर तिच्यात दुसरं कोणी पाऊल ठेवत नाही, "वाटेत बंद पडली तर?" म्हणून. माझी अख्ख्या जगात तेवढीच एक जागा आहे हो, आणि ती रविवारी सकाळी क्रेनला लटकून जाणार होती.

म्हणून म्हटलं, मशीन मिळत नाही ना, घरीच करू. गाडीच्या कप्प्यात जुनं मॅन्युअल होतं, त्याच्या शेवटच्या पानावर चित्रच दिलेलं. सॉकेटच्या या पिनेपासून त्या पिनेपर्यंत एक बारका दिवा जोडा, चावी फिरवा, दिवा लुकलुकेल. लांब लुकलुक म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. बेरीज करा, आकडा तक्त्यात शोधा, समोर बिघाड लिहिलेला. संपलं. आहे काय त्यात? बिघडलेल्या चार्जरमधला लाल दिवा काढला, तो जळू नये म्हणून करंट कमी करणारा एक रेझिस्टर आणला, दारावरच्या बेलची उरलेली वायर घेतली, आणि सगळं बॉलपेनच्या पोकळ नळीत बसवलं. पहिल्यांदा दिवा उलटा जोडला, तो लागेना. तो सुलटा करेपर्यंत जेवणाच्या टेबलावरच्या प्लॅस्टिकला सोल्डरने दोन भोकं पडली, ती मी मिठाच्या बरणीखाली झाकली, बरणी उचलल्यावर काय झालं ते सांगत बसत नाही. पण वस्तू झाली. झकास झाली. फक्त एक चूक राहिली. बेलची वायर उरली होती वीतभर. मी म्हटलं, बास झाली की, सॉकेटपासून दिव्यापर्यंत वीतभरच तर जायचंय, आणि काम पाच मिनिटांचं.

गुरुवारी संध्याकाळी गेलो खाली. सॉकेट कुठे, तर स्टिअरिंगखाली, पार आत. शिरलो. वायरची टोकं पिनांना लावली, तर ती हात सोडला की निसटतात. मग धरून ठेवली. दुसऱ्या हाताने चाचपडत चावी फिरवली आणि तुम्हाला सांगतो, दिवा लागला! लुकलुकायला लागला! पण मला दिसेना. वीतभर वायर ना, तो नेमका माझ्या डाव्या कानामागे लुकलुकत होता. म्हटलं जरा मान वळवून बघू. वळवली, आणि कमरेत भरली उसण. अशी भरली की ना पुढे, ना मागे. हात सोडावा तर दिवा जातो, हात धरावा तर मी जातो. आणि माझ्या गाडीचा जो काही आजार आहे तो माझ्याच कानामागे कोणीतरी सांगतंय, आणि मला ऐकू येत नाही.

तेवढ्यात सल्लागार आले. आमच्या इमारतीतले एक गृहस्थ, त्यांना सगळे सल्लागार म्हणतात, अर्थात ते नसताना. "काय हो, आडवे का?" मी म्हटलं, बरं झालं आलात, तेवढं हे लुकलुकणं मोजा, लांब वेगळं, आखूड वेगळं. "त्यात काय! एक... दोन... आता ह्या गाड्यांचं मूळ दुखणं बॅटरीत असतं बरं का... तीन... माझ्या मेव्हण्याची अशीच होती, मी त्याला म्हटलं विकून टाक, नाही ऐकलं... चार... नाही ऐकलं हो त्याने... किती झाले?" मी त्यांना विचारायचं की त्यांनी मला?

ते गेले, मग बायको आली. "अहो, जेवायला येताय ना?" मी म्हटलं, अगं उसण भरलीय. "मग इथे कशाला झोपलात?" झोपलात म्हणे! तरी म्हटलं, आधी मोज, मग ओढ. बिचारी वाकली, मोजायला लागली, आणि तिचा फोन वाजला. "हो गं, बोल ना, मोकळीच आहे मी." मोकळीच! दहा मिनिटं मी तिच्या मावसबहिणीच्या नव्या पडद्यांचा रंग ऐकला. फोन ठेवून म्हणते, "सहा होते. नाहीतर सात. साडेसहा लिहा ना." साडेसहा! मग म्हणाली, "थांबा, आईला पाठवते, ती बसलीच आहे," जसा काही मी उठून जाणार होतो.

सासूबाई आल्या. विणकामासकट आल्या. पलीकडच्या दाराने आत बसल्या, दार लावून घेतलं, माझ्या कानामागे एकदा बघितलं आणि सुया चालू. मी म्हटलं, संपलं, आता शनिवार गेला, रविवार आला. एक मिनिट झालं, दोन झाली. मग अगदी सावकाश म्हणाल्या, "दोन लांब, एक आखूड. मग दम खातो. परत दोन लांब, एक आखूड." नक्की ना, आई? "जावईबापू, एकशे चाळीस टाक्यांची ओळ मी तुमचा टीव्ही चालू असताना मोजते. तीन टाके मला जड आहेत का?"

एकवीस! एकवीस म्हणजे काय ते मला पाठ होतं, धुराच्या नळीवरचा सेन्सर. मी म्हटलं, आई, झालं, आता हाका मारा, मला ओढायला सांगा. तर त्या उठेनात. सुया चालू. मग म्हणाल्या, "किती शांत आहे हो इथे." मी म्हटलं, हो. "माझी कॉट हॉलमध्ये. तुमच्या सगळ्यांचं बघून झालं, टीव्ही बंद झाला, की माझी रात्र सुरू. तीन वर्षांत मी एकटी अशी बसलेच नाही कुठे. दहा मिनिटं थांबू का? तुमची कंबर फार दुखत नसेल तर." आठ दिवसांच्या पाहुण्या म्हणून तीन वर्षं मी यांच्यावर विनोद करत आलो, आणि कॉट हॉलमध्ये कोणी टाकली, मीच ना? लाज वाटली मला, खरंच सांगतो. मी म्हटलं, थांबा, आई. थांबल्या, पाऊण तास थांबल्या. काम पाच मिनिटांचं होतं.

पुढचं सगळं सोपं. बायकोने एक पाय, सल्लागारांनी दुसरा, ओढला मला बाहेर. दुसऱ्या दिवशी पट्टा बांधून खाली वाकलो, सेन्सरची वायर उंदराने कुरतडली होती, ती जोडली, टेप मारली, कॉम्प्युटरने जुनं विसरावं म्हणून बॅटरीची तार काढून परत लावली. पिवळा दिवा गेला. शनिवारी गाडी पास. भंगारवाल्याला मी स्वतः फोन केला, इतक्या प्रेमाने बोललो की तो घाबरला असणार.

सोमवारी सव्वासहाला आलो. गाडीपाशी गेलो, काचा वर, आणि माझ्या सीटवर सासूबाई. शेजारच्या सीटवर लोकरीचा गुंडा आणि घरातली दुसरी चावी. दार आतून बंद. आता दिवा नाही ना, आता भीती कशाची? मी काच वाजवली. त्यांनी मान वर न करता एक बोट दाखवलं, ओळ पुरी होऊ द्या. उभा राहिलो. ओळ झाली, काच चार बोटं खाली आली. "जावईबापू, घरी बोलू नका हं, मी फिरायला आलेय." मी म्हटलं, आई, मग मी? "मागे बसा की. फक्त बोलायचं नाही."

तेव्हापासून रोज मागे बसतो. बोलत नाही. घरी बायको विचारते, आई एवढं चालते तरी दम कसा लागत नाही? मी म्हणतो, तब्येत चांगली आहे. आणि काल, तुम्हाला सांगतो, असाच मागे गप्प बसलो होतो, तर माझ्या बाजूच्या काचेवर टकटक. थोरली मुलगी. हातात पुस्तक. "बाबा, सरक ना. पाचच मिनिटं बसते."

सरकलो.