दक्षिणेकडे तोंड

अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरात शिकारीच्या परवान्यासाठी रांग लागली होती. ओपलच्या पुढेच व्हर्ल आणि त्याचा मेव्हणा क्लीट उभे होते. तिनं कान टवकारले.

“दाजी, तुमचा हरणांवर नजर ठेवायचा कॅमेरा अस्वलानं नेला असेल.”

“खडकाला भोक पाडून बोल्ट ठोकला होता, मेव्हण्या. अस्वल पाना घेऊन फिरतं का?”

“मग झाडाला बांधायचा.”

“त्या कातळावर झाड आहे कुठं? जागा तर तुझ्या बहिणीलाही सांगितली नव्हती.”

“जाऊ दे हो. नाहीतरी दक्षिणेकडे तोंड, उन्हानं फोटो पांढरेफटक. चोराचं थोबाड कुठलं दिसायला!”

“दक्षिणेकडे तोंड होतं, हे तुला कुणी सांगितलं?”

“...रांग सरकली, दाजी. व्हा पुढं.”

“तूच हो. तुझ्याकडे पाठ करून मी आता उभा राहायचा नाही.”