खिडकीवरचा जुना रंग

(घराची वरची खोली. भरदुपार. सासू चहाचा कप घेऊन दारात उभी.)

सासू : लिहिताना एवढा आवाज होतो, हे मला माहीत नव्हतं.

सून : आई, तुम्ही वर? ठकू एकटी आहे खाली?

सासू : आजोबा आहेत. दोन पोरं वाढवलीत त्यांनी. म्हणजे वाढवली मी, पण ते तिथे होते. तुझ्या हातात काय आहे?

सून : पॉलिश पेपर. खिडकीचा जुना रंग घासत होते.

सासू : आजच?

सून : आठवडा झाला.

सासू : आणि मी खाली समजतेय, बाईसाहेब कादंबरीत बुडाल्यात. शेजारीण पत्ते खेळायला बोलवत होती. तिला म्हटलं, जमायचं नाही, ठकूला सांभाळायचंय, सुनेचं पुस्तक अर्ध्यावर आलंय. कसलं पुस्तक म्हणाली, तर तेही मीच काहीबाही सांगितलं.

सून : अर्ध्यावर आहेच. तिथेच अडकलंय.

सासू : मग तसं सांगायचं. रोज विचारते तर म्हणतेस, चाललंय.

सून : नाही चाललं म्हटलं असतं, तर तुम्ही म्हणाला असतात, मग सांभाळ तुझी पोर.

सासू : म्हणाले असते. माझी दुपारची झोप गेलीय यात. खिडक्या घासायला माणूस मिळतो.

सून : म्हणून तर बोलले नाही. ही दुपारची वेळ गेली, की पुस्तकही गेलंच.

सासू : अगं, पण तू लिहीतच नाहीस, तर वेळ राहिली काय आणि गेली काय?

सून : टेबलाशी बसले, की सगळं लक्ष खाली. ती शिंकली का, खोकली का, पाळण्यातून डोकावतेय का. एक ओळ लिहायची, उठून दाराशी जायचं, परत येऊन तीच ओळ खोडायची. शेवटी ठरवलं, काही दिवस लिहायचंच नाही. हाताला दुसरं काम द्यायचं.

सासू : आणि त्याने सुचतं?

सून : सुरुवातीला नुसत्या शिंका आल्या. काल मात्र गोष्टीतला म्हातारा घड्याळवाला अचानक बोलायला लागला. आजही बोलतोय. अजून कागदावर घेतलं नाही, घाई केली तर गप्प बसेल.

सासू : काय म्हणतो?

सून : बायकोशी भांडतोय. तुमच्यासारखाच, मुद्दा न सोडता.

सासू : चहा घे. केसांत बघ किती भुसा झालाय. अजून किती राहिलंय?

सून : एक झडप. पण ती संपल्यावर लिहिणं सुरू होईलच, असं नाही सांगता येत मला.

सासू : नको सांगूस. फक्त खोटं बोलू नकोस. घासलं तर घासलं म्हण. शेजारणीचं मी बघते. दुपारचं काय करायचं, त्याचा विचार करावा लागेल.

सून : हं. ठकू झोपली ना नीट?

सासू : कुठली झोपतेय. मघाशी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. आजोबांनी गॅलरीत फिरवली, तेव्हा कुठे शांत झाली.

सून : कधी? मला ऐकूच आलं नाही.

सासू : खरंच नाही आलं?

सून : नाही.

सासू : मग उद्या जरा लवकर जेवून घेऊ. दुपार मोठी मिळेल.