कोरडा पिस्टन

मिस्त्री : दिवा जरा अलीकडे घ्या, मेहुणेबुवा. सिलिंडरच्या आतलं काही दिसत नाहीये, नुसती तुमची बोटं दिसतायत.

मेहुणा : असा?

मिस्त्री : हां, असाच धरा. आता त्या पेटीतलं माप द्या. ते नव्हे, लांब दांड्याचं. सांभाळून, बावीस वर्षांनी बाहेर आलंय बिचारं. काल मी ते पुसत बसलो होतो तर तुमची ताई म्हणते कशी, जावई निघालाय सासरी, नटवा त्याला.

मेहुणा : ताई म्हणजे ना. भाऊजी, उभ्याने नका करू. खुर्ची आणतो.

मिस्त्री : आणा, आणि त्यात तुम्ही बसा.

मेहुणा : मला नको.

मिस्त्री : बसा म्हणतो ना. तुम्ही उभे असलात की माझं लक्ष मापावर राहत नाही. त्या पायाकडे जातं.

मेहुणा : बरं. बसलो.

मिस्त्री : मोटरसायकल मात्र झकास केलीत हो. टाकी घासलीत, चाकं सरळ केलीत, सगळ्या तारा नव्या ओढल्यात. एकट्याने?

मेहुणा : चार महिने लागले. रोज कामावरून आलो की तासभर इथे शेडमध्ये. लेक मागे लागली होती. ताडपत्रीखाली सापडली तिला. म्हणाली, बाबा, तुम्ही चिखलातल्या शर्यतीत पळवायचात ती हीच का?

मिस्त्री : मग सिलिंडर आतून कातायला, बोअरिंगला, मीच का आठवलो? बाकीचे कारागीर संपावर गेलेत?

मेहुणा : तीन ठिकाणी गेलो होतो. तिघांनीही तुमचंच नाव घेतलं. जुना टू-स्ट्रोकचा सिलिंडर आहे ना, मग त्यांनाच दाखवा म्हणाले. आणि वर म्हणाले, पण ते आता असलं काम घेत नाहीत.

मिस्त्री : खरंय. नाहीच घेत. वीस वर्षं पंपाच्या कारखान्यात शाफ्ट कातले. शाफ्टवर बसून कोणी पडत नाही.

मेहुणा : मग आज कसे आलात?

मिस्त्री : तुम्ही बोलावलंत. तुमच्या आई गेल्यालाही तीन वर्षं झाली, पण या घरातून मला कोणी बोलावलं नव्हतं. तुमचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो, निम्मी तशीच ठेवून ऐकत उभा राहिलो. असो. जुना पिस्टन द्या बघू.

मेहुणा : तो कशाला? नवा आणलाय. खोक्यात आहे.

मिस्त्री : नव्यावरून बोअर किती काढायचा ते ठरेल. मागच्या वेळी काय चुकलं ते जुनाच सांगणार.

मेहुणा : तो भंगारात गेला.

मिस्त्री : गेला?

मेहुणा : मागच्या आठवड्यात. बाकीच्या लोखंडाबरोबर.

मिस्त्री : हं. एक सांगू? बरंच झालं. दोन दिवस हेच मनात चाललं होतं. तो पिस्टन हातात येणार आणि माझी चूक मला ढळढळीत दिसणार. बघवलं नसतं मला.

मेहुणा : तुमची कसली चूक, भाऊजी.

मिस्त्री : हे तुम्ही चांगुलपणाने म्हणता. दर वेळी असंच काहीतरी म्हणता. पण ऐका. माझी एक पद्धत होती. बोअर झाला की सिलिंडर गरम असतो, तेव्हा एक माप घ्यायचं. मग तो थंड होऊ द्यायचा आणि दुसरं घ्यायचं. थंड झाल्यावर येतं ते माप खरं. त्या गुरुवारी तुम्ही दारात उभे होता, रविवारी शर्यत, तुमचा एक पाय आत आणि एक बाहेर. मी गरमच उचलून दिला. दुसरं माप घेतलं नाही.

मेहुणा : कधी बोलला नाहीत हे.

मिस्त्री : बोललो की. आईंना बोललो. हॉस्पिटलात, तुमच्या खाटेजवळ. त्या म्हणाल्या, तुमच्या हाताने माझ्या पोराचा पाय गेला. मी म्हटलं, हो आई, एक माप घ्यायचं राहिलं माझं, पिस्टनचा फिट घट्ट झाला असणार, म्हणून इंजिन पळता पळता जाम झालं आणि गाडीने फेकलं त्यांना. त्यावर त्या म्हणाल्या, पुन्हा माझ्या उंबरठ्याच्या आत पाय ठेवू नका. रास्तच होतं. तुम्हाला नाही आठवणार, तुम्ही गुंगीत होता.

मेहुणा : भाऊजी.

मिस्त्री : काय झालं? पाय दुखतोय का?

मेहुणा : पिस्टन भंगारात गेलेला नाही. या टेबलाच्या खालच्या खणात आहे. फडक्यात बांधून ठेवलाय.

(खण ओढल्याचा आवाज. मग फडकं सोडल्याचा.)

मिस्त्री : दिवा आणा इकडे.

मेहुणा : घ्या.

मिस्त्री : फिट घट्ट असला ना, की पिस्टन चार जागी धरतो. चार उभे पट्टे उठतात, मधली जागा स्वच्छ राहते. हा तर सगळीकडून सोलून निघालाय. हे बघा, इथे बोट फिरवा.

मेहुणा : मी फिरवलंय. चार महिने रोज फिरवलंय.

मिस्त्री : पिस्टनच्या रॉडच्या खालचं बेअरिंग कसं होतं?

मेहुणा : निळं पडलं होतं.

मिस्त्री : निळं?

मेहुणा : पार जळून.

मिस्त्री : माझा बोअर कितीही चुकू दे, खालचं बेअरिंग त्याने निळं पडत नाही. हे इंजिन कोरडं पळालंय. ऑइलचा थेंब नव्हता आत. पण मी तर तुम्हाला डबा दिला होता. कडीला लाल दोरा बांधलेला. त्यातल्या पेट्रोलमध्ये मीच ऑइल मापून घातलं होतं, माझ्या हाताने ढवळून.

मेहुणा : दिला होतात.

मिस्त्री : मग तो कुठे गेला?

मेहुणा : शनिवारी संध्याकाळी संपवला. मैदानावर सगळे जमले होते. नवा बोअर झालाय ना, आवाज दाखव म्हणाले. मी दाखवला. डबा रिकामा होईपर्यंत दाखवला.

मिस्त्री : दोन दिवस हळू चालवा म्हणून सांगितलं होतं मी.

मेहुणा : म्हणूनच तुमच्याकडे दुसरा डबा मागायला आलो नाही. रागावला असतात. रविवारी सकाळी पंपावरून साधं पेट्रोल भरलं. ऑइलचं दुकान उघडलं नव्हतं. म्हटलं, टाकीला आतून लागलेलं असेल थोडंफार, चार फेऱ्यांना काय होतंय.

मिस्त्री : माहीत नव्हतं तुम्हाला?

मेहुणा : टू-स्ट्रोकला पेट्रोलमधूनच ऑइल जातं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, भाऊजी. मला माहीत होतं.

मिस्त्री : हं.

ताई : हात धुवा रे दोघांनी, चहा आणलाय. अहो, ते काळे हात कपाला लावू नका, वहिनी येऊन मला ओरडेल. काय झालं? असे काय बसलात, तोंडात मारल्यासारखे?

मिस्त्री : काही नाही. मशीनचं बोलत होतो. ठेव तिथे चहा.

ताई : मशीनचं बोलताना तुम्ही हात असा मागे नाही लपवत. काय आहे ते हातात?

मिस्त्री : जुना पिस्टन. सोड ना, तुला काय कळणार त्यातलं.

मेहुणा : नका हो असं करू. आता तरी मला पाठीशी घालू नका. ताई, गाडीत ऑइल नव्हतं. यांनी दिलेलं मी उडवून टाकलं आणि साधं पेट्रोल घालून शर्यतीला गेलो. यांचा बोअर बरोबर होता. पहिल्यापासून बरोबर होता.

ताई : म्हणजे आई यांना जे बोलली ते...

मेहुणा : ते मला बोलायला हवं होतं.

ताई : आणि तू गप्प राहिलास? नाही पण, तू तेव्हा शुद्धीत नव्हतास. आई बोलत होती तेव्हा तू झोपला होतास. मी होते ना तिथे, तुझ्या उशाशी.

मेहुणा : डोळे मिटले होते. जागा होतो.

ताई : जागा होतास?

मेहुणा : सगळं ऐकलं. हे म्हणाले, हो आई, माझं माप राहिलं. मला वाटलं, उद्या सांगू. आईचा राग निवळला की सांगू. पाय बरा झाला की सांगू. मग पाय काही बरा झालाच नाही आणि सगळे मला जपायला लागले.

ताई : बावीस वर्षं, बाळ्या. बावीस वर्षं मी माहेरी आले की हे फाटकाबाहेर स्कूटरवर बसून राहायचे. पाऊस असला तर समोरच्या दुकानाच्या पत्र्याखाली. आत चला म्हटलं की म्हणायचे, तू जाऊन ये, मी बरा आहे इथे. माझं एक लक्ष आईच्या बोलण्यात आणि एक खिडकीत. एकदाही निवांत घास गेला नाही माझ्या घशाखाली या घरात.

मेहुणा : माहीत आहे.

ताई : नाही, तुला माहीत नाही. आई गेली त्या दिवशी भर उन्हात हे बाहेर उभे होते. तू लंगडत त्यांच्याकडे गेलास आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलास. मी खिडकीतून बघितलंय. तेव्हा तरी बोलायचं होतंस रे.

मेहुणा : तेच बोलायला गेलो होतो.

ताई : मग जीभ का अडली?

मेहुणा : यांनी शेजारच्यांकडून खुर्ची मागून आणली. म्हणाले, बसा, पाय दुखेल. आणि मी बसलो. दर लग्नात, दर कार्यात हे उठून मला खुर्ची देतात, आणि दर वेळी मी बसतो.

ताई : लाज नाही वाटली?

मेहुणा : तेवढीच तर वाटत आलीय. लाज वाटायची म्हणून बोलायचो नाही, आणि बोललो नाही म्हणून आणखी वाटायची. मघाशीसुद्धा पिस्टन फेकला म्हणून खोटं बोललो. इतकं सगळं ठरवून यांना बोलावलं आणि तरी खोटंच तोंडात आलं.

मिस्त्री : पुरे आता. दोघंही गप्प बसा जरा.

ताई : तुम्ही बोला ना काहीतरी. तुमचं आयुष्य गेलं यात.

मिस्त्री : आयुष्य कुठे गेलं? शाफ्ट बरे कातले मी. फक्त बोअरिंगचं मशीन विकलं ते वाईट झालं. घेणारा म्हणत होता, मिस्त्री, चालतं दुकान का मोडताय? मी सांगितलं, माझा हात गेला. हिला सांगितलं, हात गेला. नवीन पोरं काही विचारायला आली की म्हणायचो, दुसऱ्याला विचारा, माझ्या हाताचा भरवसा नाही. हाताला काहीच झालं नव्हतं.

मेहुणा : भाऊजी, मला दोन शिव्या तरी द्या.

मिस्त्री : शिव्या घेऊन तुम्ही मोकळे होणार. मी नाही देत. आणि माफ केलं असंही समजून चालू नका. आज तरी नाही.

मेहुणा : नाही समजणार.

मिस्त्री : तुमच्या लेकीला काय सांगितलंय पायाचं?

मेहुणा : घरात सगळे सांगतात तेच.

मिस्त्री : म्हणजे काय? नीट सांगा.

मेहुणा : की आत्याच्या यजमानांच्या हातून काम बिघडलं म्हणून.

ताई : देवा.

मिस्त्री : म्हणून ती पोर माझ्याशी जरा जपून बोलते होय. मला वाटायचं, स्वभाव असेल. किती वाजता येते ती?

मेहुणा : पाचला येईल. कॉलेज सुटलं की.

मिस्त्री : मग पाचला तिला सांगायचं. तुम्ही सांगायचं, मी समोर बसलेलो असताना. शनिवारच्या डब्यापासून सगळं. कमी करायचं नाही आणि रडून वेळही काढायचा नाही.

मेहुणा : सांगतो.

मिस्त्री : चालवणार ती आहे ना ही गाडी? मग तिला ऑइलचं कळायलाच हवं.

मेहुणा : म्हणजे तुम्ही बोअरिंग करणार?

मिस्त्री : सिलिंडरने काय घोडं मारलंय माझं? माझ्या हाताखाली शिकलेल्या एका जुन्या पोराच्या दुकानात मशीन आहे, तिथे नेऊन माझ्या हाताने काढतो. या वेळी दोन्ही मापं तुमच्यासमोर घेणार. थंड व्हायला वेळ लागतो, बसून राहावं लागेल.

मेहुणा : बसेन. नाही, उभा राहीन.

ताई : हा चहा गार झाला. दुसरा टाकते. पण आता मी तो इथे शेडमध्ये आणणार नाही, सांगून ठेवते. घरात या दोघंही. अहो, तुम्हाला म्हणतेय.

मिस्त्री : ऐकू आलं. हे माप पेटीत ठेवू दे.

मेहुणा : द्या, मी ठेवतो. भाऊजी, या बाजूने या, मागच्या दाराने. पायरी जरा उंच आहे.

मिस्त्री : पूर्वी दाराच्या डाव्या हाताला काढायचो चपला. आता कुठे काढतात?